रात्रपाळीसाठी घेतलेला गरम डबा : चार महिन्यांच्या वापरानंतर

रात्री दहा ते सकाळी सहा या पाळीत गार जेवण घशाखाली उतरत नाही, एवढ्याच कारणासाठी मी हा डबा घेतला. ५०० मिलिलीटर मापाचा, दुहेरी भिंतीचा आणि दोन भिंतींमधली हवा काढून घेतलेला हा स्टीलचा डबा असून, त्याच्या खोक्यावर ‘१२ तास गरम’ असे ठळक छापलेले आहे.

हा दावा मी स्वयंपाकघरातला तापमापक लावून तपासला. डबा आधी उकळत्या पाण्याने दहा मिनिटे तापवून, रात्री नऊ वाजता ९० अंश सेल्सिअसचे सूप काठोकाठ भरले, तेव्हा एक वाजता ते ७१ अंशांवर आणि पहाटे पाच वाजता ५८ अंशांवर होते. शिजलेले अन्न ६० अंशांच्या खाली बराच वेळ राहिले की त्यात जिवाणू वाढू लागतात. त्यामुळे बारा तासांनी ते कोमट लागले, तरी खाण्याजोगे राहिलेच असे मानता येत नाही. माझ्या हिशेबाने हा डबा सात तासांचा आहे आणि एका पाळीला तेवढे पुरते. अर्धाच भरला तर मात्र एक वाजताच पारा ५५ वर येतो, कारण उष्णता धरून ठेवायला आत पुरेसे अन्नच नसते.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. आतली वाफ निवाली की झाकण असे घट्ट बसते की दोन माणसे लागतात, झाकणाच्या रबरी रिंगेतला वास धुऊनही जात नाही, आणि भात आतल्या आत शिजत राहून त्याचा लगदा होतो. पातळ पदार्थ उत्तम राहतात.

खरी अडचण वेगळीच निघाली. पहाटेपर्यंत जेवण गरम राहते म्हटल्यावर मी निवांतपणे तीन वाजता जेवू लागलो, आणि साडेतीनला समोरच्या पडद्यावरचे आकडे एकमेकांत मिसळू लागले. साधारण चार ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली असते आणि झोपेचा जोर सर्वांत जास्त. त्यातच भरल्या पोटाची सुस्ती येते. शिवाय तेच जेवण दिवसापेक्षा रात्री रक्तातली साखर अधिक वाढवते, कारण शरीर रात्री इन्सुलिनला कमी दाद देते. सकाळी सातला आडवे झालो की छातीत जळजळ ठरलेली. ज्या जैविक घड्याळामुळे हे घडते, त्याची पेशींमधली यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. डब्याच्या खोक्यावर मात्र केव्हा खावे याविषयी एक ओळही नाही.

म्हणून मी क्रम बदलला. मुख्य जेवण निघण्यापूर्वी साडेआठला घरीच करतो, डब्यातले थोडेसे साडेबाराला खातो आणि त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याखेरीज काही घेत नाही. दोन वाजताचा चहादेखील सोडला, कारण त्यातले निम्मे कॅफीन सुमारे पाच तासांनी, म्हणजे नेमके झोपायच्या वेळी, अंगात शिल्लक असते. जळजळ थांबली. मशीनमधून बिस्किटांचा पुडा काढणेही जवळपास थांबले, कारण तीनची ती ‘भूक’ बहुतेक वेळा झोपच असते, हे तोवर कळले होते. पाळी दर आठवड्याला बदलणाऱ्यांना हे वेळापत्रक जसेच्या तसे जमणार नाही, हे मान्य करायला हवे.

पण यातून डब्याविरुद्धची माझी सर्वांत मोठी तक्रार उभी राहिली. मध्यरात्री मला जेवढे खायचे असते, तेवढ्याने हा डबा अर्धाच भरतो, आणि अर्ध्या डब्याचे काय होते ते वर सांगितलेच आहे. पोटाला जे माप योग्य, ते या डब्याला चालत नाही, आणि डब्याला जे माप हवे ते रात्री पोटाला झेपत नाही. बनावटीबद्दल पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही, परंतु रात्रपाळीसाठी घ्यायचा असल्यास याच डब्याची ३०० मिलिलीटरची आवृत्ती घ्यावी. मी तीच मागवली आहे. मोठा डबा दिवसपाळीच्या आठवड्यांसाठी ठेवला आहे.