प्रतिबंधक उपचारांची नोंद: आयसीडी-१०, आयसीडी-१०-सीएम की आयसीडी-११?

गडचिरोली, यवतमाळ किंवा मेळघाटात दहा-वीस खाटांचे रुग्णालय चालवणारे डॉक्टर केसपेपर संगणकावर नेण्याचे ठरवतात, तेव्हा कोणती संकेतप्रणाली (प्रत्येक आजाराला किंवा भेटीच्या कारणाला ठरावीक संकेत देणारी यादी) घ्यावी याची चर्चा बहुधा आजारांभोवतीच फिरते. प्रणालीची खरी कसोटी मात्र जो आजारी नाही, पण आजार टळावा म्हणून आला आहे, अशा माणसाच्या नोंदीत लागते. त्याला आजाराचा संकेत चिकटला की निरोगी माणूस कागदोपत्री रुग्ण होतो आणि गावाची आकडेवारीही बिघडते. म्हणून येथे आयसीडी या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या शीर्षकातील तिन्ही प्रणाली केवळ प्रतिबंधक उपचारांच्या अंगाने ताडून पाहिल्या आहेत.

कुत्रा चावलेल्या शेतमजुराचे उदाहरण घेऊ. पोटरीला खोल जखम आहे, रक्त आले आहे, म्हणजे तिसरी, सर्वांत गंभीर श्रेणी. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) दोन्ही द्यावे लागणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये जखमेला एस ८१, कुत्रा चावण्याला डब्ल्यू ५४, रेबीजच्या संपर्काला झेड २०.३, रेबीज लसीच्या गरजेला झेड २४.२ आणि इम्युनोग्लोब्युलिनला झेड २९.१ असे संकेत मिळतात. पाच संकेत लिहिणे गर्दीच्या वेळी जड जाते हे खरे. पण काय घडले आणि कशापासून बचाव केला, हे त्यातून पुढच्या डॉक्टरला नेमके कळते. घाईत ए ८२ लिहिला तर तो थेट रेबीज झाल्याचा संकेत ठरतो, आणि लक्षणे दिसू लागलेला रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो, हे लक्षात घेता ही चूक किरकोळ नाही.

आयसीडी-१०-सीएम ही त्याच दहाव्या आवृत्तीची अमेरिकेने स्वतःच्या वापरासाठी वाढवलेली प्रत आहे. नागपुरात कोडिंग (नोंदींना संकेत देण्याचे काम) शिकलेली मुले-मुली सहसा हीच शिकून येतात, कारण नोकऱ्या अमेरिकी रुग्णालयांच्या देयकांचे काम करणाऱ्या कंपन्यांत मिळतात. जखमेच्या बाबतीत ही प्रणाली फार बारकाईने जाते: उजवा पाय की डावा, पहिली भेट की नंतरची, हे सारे संकेतातच येते. लसीकडे आली की मात्र ती आखडते. तिच्यात कोणत्याही लसीकरणाला झेड २३ हा एकच संकेत आहे. लस रेबीजची होती की धनुर्वाताची, हे सांगण्याचे काम तिथे सीपीटी नावाचे वेगळे, परवाना घेऊन वापरायचे देयक-संकेत करतात. आपल्याकडे ती जोडी नसल्याने उरतो तो पोकळ झेड २३. त्यातही मूळ आयसीडी-१० मध्ये झेड २३ चा अर्थ एकेका जिवाणूजन्य रोगाविरुद्धचे लसीकरण असा आहे, त्यामुळे एकाच रुग्णालयात दोघे जण दोन प्रती वापरू लागले तर रेबीजची लस जिवाणूजन्य रोगांच्या रकान्यात मोजली जाईल. नव्या कोडरला कामावर घेताना त्याने कोणती प्रत शिकली आहे, हे पहिल्याच दिवशी विचारावे.

आयसीडी-११ ला जागतिक आरोग्य परिषदेने २०१९ मध्ये मान्यता दिली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिची ताकद क्षयाच्या प्रतिबंधक उपचारात दिसते. घरात क्षयरुग्ण आहे, म्हणून त्याच्या निरोगी पत्नीला आठवड्यातून एकदा याप्रमाणे आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिनचे बारा डोस सुरू केले, तर मूळ आयसीडी-१० मध्ये झेड २०.१ (क्षयाशी संपर्क) आणि झेड २९.२ (इतर प्रतिबंधक औषधोपचार) असे दोन संकेत जोडावे लागतात. तिला ए १५ किंवा ए १६ लावणे म्हणजे फुप्फुसाचा क्षय झाल्याचे लिहून देणे होय. तपासणीत सुप्त क्षयसंसर्ग (शरीरात जंतू आहेत, पण आजार झालेला नाही) निष्पन्न झाला असेल, तर आयसीडी-११ मध्ये त्यासाठी १बी१४ हा स्वतंत्र संकेत आहे. शिवाय मुख्य संकेताला पूरक संकेत जोडून अधिक तपशील देता येतो. मात्र ही जोडणी हाताने करणे अवघड आहे. तिला शोधसाधन असलेला संगणक आणि ते चालवणारा माणूस लागतो, आणि जिथे दुपारभर वीज नसते तिथे हा विचार आधी करायला हवा.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या बाबतीत तिन्ही प्रणाली वाहक आणि रुग्ण यांना वेगळे ठेवतात. तेवढ्यावरून निवड करण्याचे कारण नाही. काळजी वापरात घ्यायची आहे. दहाव्या आवृत्तीत डी ५७.३ हा वाहकाचा संकेत आहे आणि डी ५७.१ हा वेदनेचा झटका नसलेल्या रुग्णाचा. पूर्व विदर्भात या कागदावर सोयरिकी अडतात, तेव्हा दशांशापुढचा एक आकडा एखाद्या मुलीच्या आयुष्याला किती भारी पडू शकतो, हे कोडरला समजावून सांगायलाच हवे. केवळ चाचणीसाठी आलेल्या व्यक्तीला निकाल येईपर्यंत झेड १३.० एवढेच लिहावे.

कोणतीही प्रणाली घेतली तरी संकेत डोसचा क्रमांक सांगत नाही. रेबीजची लस त्वचेत दिली तर दिवस ०, ३, ७ आणि २८, स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ असा क्रम असतो. कापूस वेचणीला दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या मजुराचा पुढचा डोस तिथला डॉक्टर देणार, तेव्हा त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर चावल्याची तारीख, जखमेची श्रेणी, लस त्वचेत दिली की स्नायूत, बॅच क्रमांक, दिलेले डोस आणि पुढची तारीख हे सगळे वाचता येईल अशा अक्षरांत असायला हवे. लस नाकारली किंवा देता आली नाही, तर मूळ आयसीडी-१० मध्ये त्यासाठी झेड २८ आहे. तो फार थोडे जण वापरतात. खरे तर आशाताईंना पुन्हा कोणाच्या घरी जायचे, याची यादी त्यातूनच निघू शकते.

निवडीबाबत माझे मत असे. नोंदी वही आणि साध्या तक्त्यात असतील, तर मूळ आयसीडी-१० घ्यावी. आपल्याकडे मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरणही तिच्यानुसार होत आले आहे, त्यामुळे दोन प्रकारच्या नोंदी सांभाळाव्या लागत नाहीत. संगणकप्रणाली नव्याने विकत घ्यायची असेल आणि तिच्यात आयसीडी-११ चे शोधसाधन असेल, तर तिकडे जावे. रुग्णालयात आयुर्वेदाचा विभागही असेल तर हे अधिक सोयीचे, कारण आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या निदानसंज्ञांचा भाग तिच्यात जानेवारी २०२४ मध्ये आला. सीएम प्रत इथल्या रुग्णांसाठी घेऊ नये. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे दावे भरती रुग्णांच्या पॅकेजवर चालतात, बाह्यरुग्ण लसीकरणावर नाही, त्यामुळे संकेत अधिक बारीक केला म्हणून प्रतिबंधक उपचाराचे पैसे तिथून मिळतील, या अपेक्षेने कोणतीच प्रणाली निवडू नये.