फ्रान्स की अमेरिका? सोलापुरातील एका मार्गदर्शन केंद्राविषयी

बारावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुलीला पदवीसाठी परदेशी पाठवावे का, याचा निर्णय घेण्यासाठी आम्ही सात रस्ता परिसरातील एका मार्गदर्शन केंद्राची सेवा घेतली. अर्ज हाती देण्याआधी तेथील समुपदेशक बाई दोन्ही देशांची शिक्षणव्यवस्था मुळापासून समजावून सांगतात आणि त्यासाठीच या केंद्राची फी मला सार्थकी लागलेली वाटते.

फ्रान्समध्ये लिसेच्या, म्हणजे उच्च माध्यमिक शाळेच्या, तीन वर्षांपैकी दुसऱ्या वर्षी सर्वसाधारण शाखेचा विद्यार्थी तीन विशेष विषय निवडतो, शेवटच्या वर्षी त्यांतले दोन ठेवतो आणि १८०८ पासून चालत आलेल्या बाकालोरेआ परीक्षेला बसतो. गणित घेणाऱ्यालाही तीत तत्त्वज्ञानाची चार तासांची उत्तरपत्रिका लिहावी लागते, हे ऐकून मुलगी खुर्चीत सावरून बसली. अमेरिकेत अशी देशव्यापी शालान्त परीक्षा नाही. तेथे नववी ते बारावीच्या श्रेणी, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि अनेक ठिकाणी सॅट या प्रवेशासाठीच्या प्रमाणित चाचणीचे गुण एकत्र पाहिले जातात.

बाईंनी फ्रेंच गुणपत्रिकेचा एक नमुना टेबलावर ठेवला. त्यातले २० पैकी १४ गुण पाहून माझा चेहरा पडला, कारण आपल्याकडे नव्वद टक्क्यांखाली कोणी बोलत नाही. पण तेथे १० गुणांना उत्तीर्ण, १४ ला 'चांगला' आणि १६ ला 'फार चांगला' असा शेरा मिळतो. तेथील नामांकित 'ग्रांद एकोल' संस्थांच्या स्पर्धा परीक्षांची दोन वर्षांची तयारी बाकालोरेआनंतर लिसेमध्येच होते आणि सरकारी लिसेत तिला शिकवणी शुल्क नसते. लातूरच्या शिकवण्यांचा खर्च ठाऊक असलेल्या पालकाला हे विशेष वाटल्याशिवाय राहत नाही.

फ्रान्समध्ये पदवी तीन वर्षांची असून विषय प्रवेशाच्या वेळीच ठरतो. अमेरिकेत ती चार वर्षांची असते आणि मुख्य विषय बहुधा दुसऱ्या वर्षाअखेरपर्यंत जाहीर करता येतो. भौतिकशास्त्र की अर्थशास्त्र या विचारात असलेल्या आमच्या मुलीला अमेरिकेची मोकळीक अधिक मानवेल, असे माझे मत झाले.

खर्चाच्या माहितीत मात्र केंद्र कमी पडले. नामांकित खासगी अमेरिकी विद्यापीठांचे वर्षाचे ६०,००० डॉलरहून अधिक शिक्षणशुल्क आणि फ्रान्समधील सरकारी विद्यापीठांचे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीचे ३,००० युरोच्या आतले शुल्क शेजारी शेजारी मांडून तक्ता संपवला होता. सरकारी विद्यापीठांतील पदवीचे बहुतेक शिक्षण फ्रेंचमध्ये होते आणि त्यासाठी साधारणपणे बी-टू, म्हणजे युरोपीय भाषामापनातील सहापैकी चौथ्या पातळीची भाषा लागते, ही बाब आम्ही खोदून विचारल्यावरच कळली. बारावीत पोहोचेपर्यंत फ्रेंचचा एक शब्दही न शिकलेल्या मुलांसाठी हीच पहिली अट आहे, म्हणून ती तक्त्याच्या पहिल्या ओळीत असायला हवी. फ्रान्सचा विचार करणाऱ्या पालकांनी या केंद्रात जरूर जावे, मात्र मूल नववी-दहावीत असतानाच जावे.