हीट गन: बटण बंद केल्यानंतरची उष्णता (वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव)

घरातील किरकोळ कामांसाठी हीट गन, म्हणजे खूप गरम हवेचा झोत सोडणारे हातात धरायचे यंत्र, वापरायला लागून आता वर्ष उलटून गेले आहे. या काळात एक यंत्र बिघडले, त्यावरून सर्व्हिस सेंटरशी बराच वाद झाला आणि शेवटी दुसरे यंत्र घ्यावे लागले. वॉट, हवेचा झोत, तापमानाचे टप्पे हे तपशील खोक्यावर छापलेले असतात आणि यंत्र घेणाऱ्यांना ते ठाऊकही असतात, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. ज्या एका बाबीविषयी खोक्यावर अवाक्षरही नसते, तिच्याविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे. बटण बंद केल्यावर आत साठलेली उष्णता जाते कुठे, हा तो प्रश्न आहे. माझे पहिले यंत्र याच प्रश्नामुळे गेले आणि घरात हीट गन सुरक्षितपणे वापरण्याचा निम्मा भागही याच प्रश्नात आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

पहिले यंत्र 2000 वॉटचे आणि दोन टप्प्यांचे होते. पहिल्या टप्प्यावर सुमारे 350 आणि दुसऱ्यावर सुमारे 550 अंश सेल्सिअस. कामाच्या बाबतीत त्याला नावे ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या चौकटीवरचा ऑइलपेंटचा जो जाड थर पॉलिशपेपरने घासून हात भरून आले तरी हलत नव्हता, तो या झोतापुढे काही क्षणांत फुगून वर येत असे आणि मागोमाग स्क्रेपर सरकवला की लांब सालीसारखा सुटत असे. सुरुवातीचे काही महिने मी ओळखीच्या प्रत्येकाला हेच यंत्र घ्यायला सांगत होते. मग पंख्याच्या आवाजात फरक पडला. सुरू करताना बारीक किरकिर, पुढे घरघर, आणि त्याबरोबर झोतही मंदावला. झोत मंदावला की आतल्या तापणाऱ्या तारेतील उष्णता वाहून नेणारी हवाच कमी पडते, त्यामुळे तोंडातून दिसणारी त्या तारेची कॉइल पूर्वीपेक्षा जास्त लालभडक दिसू लागली. त्यानंतर लवकरच पहिल्या टप्प्यावर चालू असतानाच जळका वास आला आणि यंत्र बंद पडले, ते कायमचेच.

वॉरंटीची मुदत बाकी असल्यामुळे ते सर्व्हिस सेंटरला दिले. तेथून शेरा मिळाला की यंत्र अतितापल्यामुळे जळाले आहे, म्हणजेच हा गैरवापर असून तो वॉरंटीत बसत नाही. पुरावा म्हणून माहितीपुस्तिकेतील एक वाक्य दाखवण्यात आले: वापरानंतर यंत्र थंड होऊ द्यावे. मी प्रत्येक वेळी दुसऱ्या टप्प्यावरून पहिल्यावर येऊन, थोडा वेळ तसेच चालवून मगच बटण बंद करत होते, मागची हवेची जाळी कधी झाकली जाऊ देत नव्हते आणि नोझल, म्हणजे झोत बाहेर पडणारे धातूचे तोंड, कशालाही टेकवत नव्हते. मी त्यांना एवढेच विचारले की ज्या यंत्राचा सर्वांत थंड टप्पाच 350 अंशांचा आहे, ते थंड होऊ देण्यासाठी वापरणाऱ्याने नेमके काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर मला ना फोनवर मिळाले, ना लेखी. दुरुस्तीचा सांगितलेला खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळ जात होता. तेवढे पैसे त्याच रचनेच्या यंत्रात पुन्हा घालणे मला पटले नाही, म्हणून ते परत आणले आणि आत काय झाले आहे ते पाहण्यासाठी उघडले.

आत अभ्रकाच्या पत्र्यांचा फुलीच्या आकाराचा सांगाडा होता आणि त्याच्या खाचांतून स्प्रिंगसारखी वळवलेली निक्रोमची (निकेल-क्रोमियम मिश्रधातूची) तार गुंडाळलेली होती. एका ठिकाणी ती तुटली होती आणि तुटलेल्या टोकाशी धातूचा बारीक गोळा झाला होता. ती जळलेली तार मला अपेक्षितच होती. पण खरा पुरावा मागच्या बाजूला होता. प्लॅस्टिकच्या पंख्याची कॉइलकडची पाती कडेला किंचित ओघळून वाकडी झाली होती, आणि मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या पुढच्या बुशमधले ग्रीस वाळून काळपट चिकट झाले होते. यंत्र चालू असताना या भागावरून बाहेरची थंड हवा सतत जात असते, त्यामुळे तो तापण्याचा प्रश्नच येत नाही. तो तापतो बटण बंद केल्यानंतर. पंखा थांबतो, पण अभ्रक, तार आणि नोझल यांत साठलेली शेकडो अंशांची उष्णता कुठे तरी जाणारच. पुढे ढकलणारी हवा नसल्यामुळे ती मागे, म्हणजे थेट पंख्याकडे आणि मोटरकडे सरकते. असे पुन्हापुन्हा झाले की ग्रीस वाळते, पंखा जड फिरतो, झोत कमी होतो आणि शेवटी तार स्वतःच्याच उष्णतेने तुटते.

मग अशा यंत्रांत निव्वळ थंड हवेचा टप्पा का देत नाहीत? याचे कारण आतील जोडणीत दिसते. यातील मोटर कमी व्होल्टची, डीसी प्रकारची असते आणि तिच्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर नसतो. तापणाऱ्या तारेच्याच एका भागातून विजेचा दाब कमी करून, विजेला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चार डायोडमधून तो मोटरला दिला जातो. त्यामुळे तार तापवल्याशिवाय पंखा फिरूच शकत नाही. काही यंत्रांत ‘थंड’ म्हणून जो टप्पा असतो तो प्रत्यक्षात 50 ते 60 अंशांचा असतो, तोही यामुळेच: त्या टप्प्यावर तारेचा फक्त छोटासा भाग चालू राहतो. एवढी उष्णता यंत्र थंड करायला अगदी चालते. म्हणजे ही सोय अशक्य नाही; त्यासाठी तारेचा एक वेगळा फाटा आणि स्विचमध्ये एक जास्तीचे स्थान लागते. एवढ्याची काटकसर करून बनवलेले यंत्र ग्राहकाला विकायचे आणि ते जळाले की त्यालाच गैरवापराचा शेरा द्यायचा, हे मला सरळ अन्यायाचे वाटते.

दुसरे यंत्र घेताना मी पहिल्यांदा 50 अंशांचा टप्पा आहे का, एवढेच पाहिले. त्याला तापमान दाखवणारा डिजिटल पडदाही होता, आणि तो मला अनावश्यक खर्च वाटला होता. पहिले काही आठवडे मी त्याकडे बघतही नव्हते. पण काम संपवून थंड टप्प्यावर आणल्यावर त्यावरचा आकडा खाली उतरताना दिसतो, आणि आता किती वेळ थांबायचे हा अंदाजाचा भाग उरत नाही, हे लक्षात आल्यापासून माझे मत बदलले. अर्थात हा आकडा बाहेर पडणाऱ्या हवेचा असतो, नोझलच्या धातूचा नव्हे. हवा 50 अंशांवर आली तरी नोझल त्याहून बराच वेळ तापलेले राहते.

नोझलच्या बाबतीत, वस्तूला न टेकवता दुरून तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड तापमापकावर विसंबणाऱ्यांना एक इशारा द्यायला हवा. चकचकीत पोलादाचा पृष्ठभाग स्वतःची उष्णता फार कमी प्रमाणात किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो, त्यामुळे हे उपकरण त्यावर खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी आकडा दाखवते. माझ्याकडे इन्फ्रारेडने 60 च्या आसपास दाखवलेल्या नोझलला मल्टीमीटरची थर्मोकपल तार (टेकवून तापमान मोजणारी) टेकवली तेव्हा आकडा दीडशेच्या वर गेला. 60 वाचून कोणी ते नोझल बदलायला हात लावला असता तर कातडी सोलली गेली असती. वापराने नोझल निळसर-काळे पडले की हा फरक कमी होतो, पण तोवर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

ठेवण्याची पद्धतही याच्याशीच जोडलेली आहे. यंत्राच्या मुठीला टांगण्यासाठी कडी दिलेली असते आणि तिच्यावर टांगले की नोझल खाली, मोटर वर अशी स्थिती येते. गरम हवा वर चढते, म्हणजे आतली सगळी उष्णता मोटरकडे. गार होईपर्यंत यंत्र मागच्या सपाट बाजूवर, नोझल वर करून उभे ठेवावे. मग गरम हवा तोंडातून आपोआप बाहेर जाते आणि मागच्या जाळीतून थंड हवा आत ओढली जाते. मध्येच वीज गेली तर हा एकच उपाय हाती राहतो.

बंद केल्यानंतरची ही उष्णता फक्त यंत्रात राहत नाही, ज्या वस्तूवर काम केले तिच्यातही राहते. लाकडाच्या चौकटीवरचा रंग काढताना हे फार महत्त्वाचे आहे. लाकूड साधारण 250 ते 300 अंशांच्या पुढे पेट घेऊ शकते आणि आपला झोत त्याच्या जवळपास दुप्पट तापमानाचा असतो. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जुना भुसा, कोळिष्टके, कागदाचे कपटे साठलेले असतात. झोत त्या फटीत गेला तर आत ज्योत न दिसता धुमसणे सुरू होऊ शकते आणि आग बऱ्याच वेळाने बाहेर दिसते. वेल्डिंगसारख्या कामांनंतर जागेवर अर्धा ते एक तास नजर ठेवण्याची जी शिस्त असते, ती मी घरातही पाळते. फटींकडे झोत जाऊ नये म्हणून पुढे धातूची पट्टी धरते, सुटलेले रंगाचे गरम तुकडे कागदावर न पाडता पत्र्याच्या डब्यात टाकते आणि काम संपल्यावर चौकटीच्या कडेने हात फिरवून, वास घेऊन मगच खोली सोडते. काचेजवळ आणखी सांभाळावे लागते, कारण एकाच ठिकाणी तापलेली काच तडकते. झोत काचेपासून वळवणारे नोझल यंत्राबरोबर येते, ते वापरावे.

रंग जुना असेल तर त्यात शिसे असण्याची शक्यता असते आणि अशा रंगावर मी हीट गन चालवत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांत शिसेयुक्त रंगावर 1100 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 593 अंश सेल्सिअस, किंवा त्याहून जास्त तापमानाची हीट गन वापरायला मनाई आहे, कारण त्या उष्णतेला शिशाची वाफ हवेत मिसळण्याचा धोका असतो. 600 अंशांची यंत्रे बाजारात सर्रास मिळतात, ती पूर्ण ताकदीने चालवली की ही मर्यादा ओलांडली जाते. तापमान त्याखाली ठेवले तरी सुटलेल्या पोपड्यांत आणि धुळीत शिसे उरतेच, त्यामुळे घरात लहान मुले असतील तर तपासणी केल्याशिवाय या कामाला हात घालू नये. रासायनिक पेंट रिमूव्हर लावलेल्या पृष्ठभागावरही हीट गन नको. त्यातील अनेक द्रावणे ज्वलनशील असतात, आणि मिथिलीन क्लोराइड असलेल्यांपासून अतिशय उष्णतेत फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

बाकीची कामे सोपी आहेत. वायरच्या जोडावर उष्णतेने आकसणारी प्लॅस्टिकची नळी, म्हणजे स्लीव्ह, बसवायला 90 ते 125 अंश पुरतात, म्हणून पूर्ण ताकदीचा झोत लावण्याची गरजच नसते. मध्यापासून सुरू करून टोकांकडे गेले की आत हवा अडकत नाही, आणि आतून चिकटद्रव्य असलेल्या स्लीव्हच्या दोन्ही टोकांना त्याची बारीक कडा बाहेर आली की काम झाले. लेबल काढताना दुरून, हलता झोत देऊन ते सपाट कोनात सावकाश ओढावे. घाईने ओढले तर कागद हातात येतो आणि गोंद मागे राहतो. पीव्हीसी प्लॅस्टिक वाकवायचे असेल तर ते 80 अंशांच्या आसपासच मऊ होते, पण जास्त तापवले तर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू निघतो, म्हणून ते काम उघड्यावर आणि कमीत कमी उष्णतेवर करावे. फोनचे मागचे झाकण उघडायला मात्र हीट गन मी वापरत नाही, कारण झाकणाखालीच लिथियम बॅटरी असते.

विजेच्या जोडणीबद्दल थोडक्यात: 230 व्होल्टवर 2000 वॉटचे यंत्र जवळजवळ 9 अँपिअर खेचते, त्यामुळे ते 16 अँपिअरच्या सॉकेटवरच चालवावे, आणि एक्स्टेन्शनची वायर गुंडाळीवर तशीच न ठेवता पूर्ण उलगडावी, नाहीतर ती आत तापते.

दुसऱ्या यंत्रावर मी समाधानी आहे, पण पूर्णपणे नाही. पंख्याचा आवाज पहिल्या दिवसासारखाच आहे, तरीही ते पूर्ण उष्णतेवर असताना बटण थेट बंद करता येतेच. प्रोजेक्टर बंद केल्यावर दिव्याची उष्णता जाईपर्यंत त्याचा पंखा काही वेळ आपोआप फिरत राहतो. हीच व्यवस्था शेकडो अंश तापणाऱ्या आणि घरातल्या कोणाच्याही हाती जाणाऱ्या या यंत्राला का नसावी, हे मला समजलेले नाही. ज्यांना दोन टप्प्यांचे स्वस्त यंत्र घ्यायचेच आहे त्यांनी निदान खरेदीपूर्वी पुस्तिका मागून घ्यावी आणि सर्वांत खालच्या टप्प्याचे तापमान वाचावे. ते तीन आकडी असेल आणि वॉरंटीच्या अटींत अतितापणे वगळलेले असेल, तर ते यंत्र मी घेणार नाही, कितीही सवलत असली तरी.