प्रिझ्मा-एससीआर तपासयादी : पारदर्शकतेला उत्तम, मांडणीला अपुरी

स्कोपिंग रिव्ह्यू, म्हणजे एखाद्या विषयावर कोणते आणि किती संशोधन झाले आहे याचा आढावा, लिहिणाऱ्याकडून अनेक नियतकालिके जी तपासयादी भरून मागतात, ती प्रिझ्मा-एससीआर २०१८ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २० आवश्यक आणि २ ऐच्छिक कलमे असून, संबंधित मजकूर कोणत्या पानावर आहे हे प्रत्येक कलमापुढे नोंदवावे लागते. नमुना संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो.

या पानांच्या रकान्यातच यादीचा खरा उपयोग आहे. ‘पबमेडवर (वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसवर) शोध घेतला’ एवढ्यावर आठवे कलम भागू देत नाही. दुसऱ्या कोणाला तोच शोध पुन्हा घेता येईल अशा रीतीने किमान एका डेटाबेसची संपूर्ण शोधरचना, लावलेल्या मर्यादांसह, द्यावी लागते. सहावे कलम भाषेच्या निकषाचेही कारण विचारते. महाराष्ट्रातील आशा सेविकांवरील रिव्ह्यूत ‘केवळ इंग्रजी लेख’ असा निकष लावला, की स्थानिक संस्थांचे मराठी अहवाल आपोआप बाहेर पडतात. यादी त्याला मनाई करत नाही, पण तसे का केले हे लिहायला लावते. आपल्याकडच्या प्रबंधांत हे कारण दिले जाईल तर बरेच होईल.

निष्कर्षांच्या भागात मात्र यादी तोकडी पडते. सतराव्या कलमानुसार प्रत्येक स्रोतातील संबंधित माहिती द्यायची असल्याने पानेच्या पाने तक्ते तयार होतात आणि वाचक त्यांत हरवतो. या साऱ्याचा गोषवारा मूळ प्रश्नांच्या अनुषंगाने मांडा, एवढेच अठरावे कलम सांगते, कसा मांडावा हे सांगत नाही. माझ्या मते मोठा तक्ता परिशिष्टात टाकून मुख्य लेखात लोकसमूह आणि विषय यांचा उभा-आडवा छोटा तक्ता द्यावा, म्हणजे कोणत्या चौकटीत एकही अभ्यास नाही हे एका नजरेत कळते आणि संशोधनातील उणीव शब्दांत पटवून देण्याची फारशी गरज उरत नाही.

निवडलेल्या अभ्यासांचे गुणवत्ता-परीक्षण ऐच्छिक ठेवले आहे, ते योग्यच. या प्रकारात पुराव्याचा विस्तार पाहायचा असतो. पण ते सोडून दिल्यावर ‘हा उपक्रम परिणामकारक ठरतो’ असे निष्कर्षात लिहिण्याचा अधिकार राहत नाही, आणि नेमके तेच वाक्य अनेक लेखांत सापडते.

रिव्ह्यू करावा कसा, हे या यादीत शोधू नये. त्यासाठी जेबीआय या संशोधन-आढाव्यांच्या पद्धती ठरवणाऱ्या संस्थेची मार्गदर्शिका आहे. यादी मात्र पहिला मसुदा लिहिण्याआधीच उघडावी, कारण कोणता लेख कोणत्या कारणाने वगळला याची नोंद त्या-त्या वेळी ठेवली नसेल, तर किती लेख सापडले आणि किती वगळले हे दाखवणारा चौदाव्या कलमाचा प्रवाह-आलेख शेवटी जुळवता येत नाही.