इतवारीतून आणलेली समई

नागपूरच्या इतवारीतील एका भांड्यांच्या दुकानातून गेल्या महिन्यात १८ इंची पितळी समई घेतली. पितळ भरीव असून भाव वजनावर लावला, याबद्दल तक्रार नाही. परंतु मधल्या दांड्याचे आटे सैल असल्यामुळे वरच्या तबकडीतले तेल रात्रभर झिरपून पाटावर साचते. हे दाखवल्यावर विक्रेत्याने दोऱ्याचे दोन वेढे देऊन सांधा घट्ट करून दिला, एवढी दुरुस्ती पुरली.

पाचही वाती लावल्या की देवघर उजळते, मात्र तबकडीची सावली नेमकी बैठकीवर पडते आणि ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आधी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट होती, हे पटते. संस्कृत ‘दीप’ प्राकृतात ‘दीव’ होऊन मराठीत ‘दिवा’ झाला. एकुलत्या मुलाला ‘वंशाचा दिवा’ म्हणणारी आपली भाषा त्यानेच घोळ घातला की ‘काय दिवे लावलेस!’ असेही सुनावते. दिवा ‘विझला’ म्हणणे अशुभ, म्हणून तो ‘मालवतो’ किंवा ‘शांत होतो’. आमच्या आईने हा नियम विजेच्या दिव्यालाही लावला आहे.

घेताना दुकानातच समईत पाणी भरून सांधे तपासावेत.