ट्रान्स मुलाच्या आईचा शाळेबद्दलचा रिव्ह्यू (साडेतीन स्टार)

शाळेचं नाव टाकत नाहीये हे आधीच सांगते, कारण नाव टाकलं की कोणत्या वर्गातलं कोणतं पोरगं हे शोधायला कुणाला दोन मिनिटंही लागणार नाहीत. पुण्यातली, जुन्या संस्थेची, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश, एवढं पुरे.

आमचा मुलगा कागदोपत्री मुलगी आहे. घरी सांगून झालं, रडारड झाली, आजीने आठ दिवस अबोला धरून नंतर स्वतःच त्याला कटिंगला नेलं, ते सगळं असो. आधीची शाळा म्हणजे वेबसाइटवर इन्क्लूजनचं अख्खं पान, कोपऱ्यात इंद्रधनुष्य, आणि वर्गात बाई म्हणायच्या की घरी काय व्हायचं ते हो, इथे दोन वेण्या घालूनच यायचं. वर्षाला फी किती घ्यायचे ते लिहीत बसत नाही, माझंच बीपी वाढेल. 2023 च्या जूनमध्ये आठवीला या शाळेत घातला.

इथे वेबसाइट धड उघडत पण नाही. पॉलिसी म्हणजे दोन पानं, मराठीत टाइप केलेली, खाली संस्थेचा शिक्का. ॲडमिशनला जाताना मी 2019 चा ट्रान्सजेंडर कायदा प्रिंट करून नेला होता, कलम 13 वर हायलायटर मारून, कारण त्यात स्पष्ट आहे की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शाळेने अशा मुलांना भेदभाव न करता शिक्षण द्यायचं, आणि नुसतं शिक्षण नाही तर खेळ आणि करमणूक पण. मी भांडायच्या तयारीने गेलेले. मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं आणि म्हणाल्या, झेरॉक्स ठेवून घेऊ का, कमिटीत दाखवायला लागेल. माझी हवाच गेली.

मला या शाळेचं सगळ्यात काय आवडलं असेल तर त्यांनी वर्गातलं नाव आणि रजिस्टरमधलं नाव हे दोन विषय वेगळे ठेवले. हाक कोणत्या नावाने मारायची, वहीवर कोणतं नाव, पॅंट की सलवार, याला कुठलाही दाखला लागत नाही, पालकांचं पत्र आणि मुलाचं म्हणणं बास. जनरल रजिस्टर, एलसी, बोर्डाचा फॉर्म यासाठी मात्र कागद लागणार, तिथे क्लार्कच्या हातात काही नाही. बहुतेक शाळा नेमकं इथेच हात वर करतात, आधी सरकारचं ट्रान्सजेंडर सर्टिफिकेट आणा मग बघू म्हणतात, आणि तोपर्यंत पोरगं रोज जुन्या नावाला "हजर" म्हणत राहतं. 2014 च्या नालसा निकालात (ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांचा खटला) सुप्रीम कोर्टाने स्वतःचं लिंग स्वतः ठरवायचा हक्क मान्य केलाय, पण तो निकाल शाळेच्या हजेरीपटापर्यंत पोचायला किती वर्षं लागतील देव जाणे. आधीच्या शाळेत हजेरी आधी सगळे मुलगे मग सगळ्या मुली अशी असायची, इथे आडनावाप्रमाणे सरसकट आहे. आमच्यासाठी केलेलं नाही हां, आधीपासूनच तसं आहे, पण केवढा फरक पडतो.

आणि एक गंमत. ऑगस्टमध्ये मराठीच्या बाईंनी डायरीत शेरा पाठवला, "वर्गात फार बडबड करतो, गृहपाठ अर्धवट आणतो." पोराला ओरडायचं सोडून मी ते पान फोटो काढून त्याच्या बाबांना पाठवलं, आजीला वाचून दाखवलं. आयुष्यात कुठल्या तक्रारीचा एवढा आनंद झाला नव्हता.

आता टॉयलेट. सगळे आधी हेच विचारतात. तळमजल्यावर सिक रूमला लागून एक संडास-बाथरूम आहे, ते दिलं. कल्पना चांगली, अंमलबजावणी सुरुवातीला बोंबलली. त्याला कुलूप, आणि चावी शिपाई मामांच्या टेबलावर खिळ्याला. म्हणजे मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या देखत जाऊन "मामा चावी" म्हणायचं. पोराने सरळ पाणी प्यायचं बंद केलं, बाटली भरलेलीच घरी यायची, त्यावरून मला कळलं. मी लेखी तक्रार दिली (कायद्याप्रमाणे तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा, इथे उपमुख्याध्यापक आहेत, नाव नोटीस बोर्डावर लावलंय). मग कुलूप काढलं आणि ते बाथरूम कुणीही वापरा असं केलं. आता तिथे प्लॅस्टर घातलेली पोरं, पाळी आलेल्या मुली, सगळे जातात, त्यामुळे कोण का जातंय याचं कुणाला काही नाही. पण हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, म्हणून अर्धा स्टार कट.

खेळात तर पूर्ण स्टार कट. शाळेतल्या शाळेत खो-खो मिक्स खेळतात, तिथे आमचा खांबावरून असा वळतो की बघत राहावं. आंतरशालेय स्पर्धा आली की मुलांच्या टीमला कागद आडवा येतो आणि मुलींच्या टीममध्ये तो जाणार नाही, मग पीटीच्या सरांनी त्याला गुण लिहायला बसवलं. सर माणूस म्हणून वाईट नाहीत पण कलम 13 मध्ये गुण लिहायला बसवा असं कुठेही लिहिलेलं नाही. विचारलं की वरून सूचना नाहीत म्हणतात. आता वरचं बोलायचं तर 2021 मध्ये एनसीईआरटीने (केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था) शिक्षकांसाठी शाळेतल्या ट्रान्स मुलांबद्दल एक मॅन्युअल काढलं होतं, गणवेश, टॉयलेट वगैरे सगळं होतं त्यात, बालहक्क आयोगाने आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच ते वेबसाइटवरून गायब झालं. मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश त्यावर चिडले सुद्धा होते. मग शाळा काय करणार, जिची तिची अक्कल. आमच्या मुख्याध्यापिका बाईंना आहे म्हणून बरं.

गणवेशाचं म्हणाल तर सगळ्यांना पॅंट चालते, मुलींना सलवार किंवा पॅंट, ज्याला जे हवं ते. केरळात पेरुंबवूरजवळच्या वलयनचिरंगराच्या सरकारी प्राथमिक शाळेने 2018 मध्येच सगळ्यांना एकसारखी थ्री-फोर्थ दिली होती, तेव्हा यात फार क्रांती वगैरे नाही.

सहल. महाबळेश्वर, एक मुक्काम. आधी म्हणाले आईने सोबत यायचं. बाकी कुणाची आई येणार नव्हती, मी पण नाही म्हटलं. मग दोन मित्रांच्या पालकांनी लेखी संमती दिली आणि तिघांना एक खोली. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बाबांनी लांबलचक मेसेज टाकला, संस्कृती, लहान मुलांच्या मनावर परिणाम वगैरे. मुख्याध्यापिका बाईंचं उत्तर, "शाळेच्या नियमात बसते. शनिवारची पालकसभा साडेनऊला आहे, वेळेवर यावे." त्यावर विषय संपला. समुपदेशक मॅडम आठवड्यातून दोनदाच येतात, आहेत मात्र छान, वर्गाला काय सांगायचं आणि काय नाही हे त्यांनी पोरालाच विचारलं.

कागदांचं थोडं, कारण ते शाळेच्या हातात नाही पण शाळेत असतानाच करावं लागतं. ट्रान्सजेंडर सर्टिफिकेटसाठी केंद्राच्या नॅशनल पोर्टलवर अर्ज करायचा, अठराच्या आतल्या मुलासाठी आई-वडील किंवा पालक करतात, आणि सर्टिफिकेट जिल्हाधिकाऱ्यांकडून येतं. आम्ही केलं तेव्हा प्रतिज्ञापत्र लागलं होतं, मेडिकल नाही, तुम्ही कराल तेव्हाचे नियम बघून घ्या. त्यावर ट्रान्सजेंडर असं येतं, मुलगा असं नाही, ही खोच आधी माहीत असू द्या. शाळेच्या हेडक्लार्कनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव नीट बनवून दिला, सोबत राजपत्रातला नावबदल, आणि एक गोष्ट बजावून सांगितली की रजिस्टरमधला बदल दहावीच्या आधी करून घ्या, एलसी हातात पडल्यावर फार खेटे घालावे लागतात. प्रगतिपुस्तक मात्र सॉफ्टवेअरमधून निघतं त्यामुळे वर्षभर जुन्याच नावाने आलं, वर्गशिक्षिका त्यावर पेनाने नवीन नाव लिहून सही करायच्या. म्हटलं तर जुगाड, पण करायच्या.

कुणी ॲडमिशनला जाणार असेल तर पॉलिसी आहे का असं विचारू नका, आहे असंच सांगतात. हजेरी कशी घेता, बाथरूमची चावी कुणाकडे असते, सहलीला कुठे झोपवता, हे विचारा. उत्तर द्यायला किती वेळ घेतात बघा. या शाळेचे फॉर्म जानेवारीत निघतात, ऑफिस साडेदहाला उघडतं, डोनेशन नाही, व्हॅन मात्र महाग आहे आणि पार्किंगची बोंब आहे.