शपथपत्र वाचावं की प्रभागात विचारपूस करावी?

महापालिकेचा उमेदवार पारखायला मतदाराच्या हाती दोन धड मार्ग आहेत: त्याने उमेदवारी अर्जासोबत जोडलेलं शपथपत्र आणि प्रभागातल्या लोकांकडे केलेली विचारपूस. उमेदवार स्वतःच छापून वाटतो तो कार्य अहवाल मी धरतच नाही. त्यात पेव्हर ब्लॉकचे फोटो असतात, पैसा कुठल्या निधीतून आला ते नसतं.

विचारपुशीत कळतं ते शपथपत्रात कधीच सापडत नाही. पाणी आलं नाही तेव्हा फोन कोणी उचलला, ड्रेनेज तुंबल्यावर कोण स्वतः येऊन उभं राहिलं, हे लिहायला रकानाच नाही. उमेदवार आधी नगरसेवक राहिलेला असेल, तर सोसायटीच्या सेक्रेटरींना नक्की विचारावं. मुंबईत प्रभागातून एकच नगरसेवक निवडायचा असतो; तिथे एवढ्यावर बरंच भागत असावं.

पुण्यात मात्र ४१ प्रभागांतून १६५ जण निवडायचे, म्हणजे बहुतेक ठिकाणी अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मतं. विचारायला गेलं की लोक पॅनेलमधल्या, म्हणजे एकत्र लढणाऱ्या चौघांमधल्या, एका वजनदार माणसाबद्दलच बोलतात. त्याहून मला खटकलं ते महिलांच्या जागेचं. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, पण “या ताई कशा आहेत?” असं कोणालाही विचारा, उत्तर एकच: “अहो, त्या अमुक साहेबांच्या मिसेस. साहेबांचं काम चांगलंय.” मी साहेबांना मत देणार नव्हतो. ताई काय करतात, काय शिकल्यात, हे दुकानदाराला सांगता आलं नाही, कार्यकर्त्याला नाही, आमच्या शेजाऱ्यांनाही नाही.

शपथपत्रात मात्र त्या स्वतःच्या नावाने भेटल्या. शिक्षण, व्यवसाय, स्वतःचं उत्पन्न, स्वतःच्या नावावरचं कर्ज. पतीचा रकाना वेगळा. वाचल्यावर कळलं की त्या शिक्षिका आहेत. माझं त्या जागेचं मत तिथेच ठरलं.

शपथपत्रालाही मर्यादा आहेत, हे मान्य. त्यातले आकडे उमेदवारानेच भरलेले असतात. शिवाय ‘प्रलंबित गुन्हे’ पाहून लगेच दचकू नये: आंदोलनात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि फसवणुकीचा गुन्हा एका मापाने मोजता येत नाही. कलम बघावं, न्यायालयाने दोषारोप निश्चित केलेत का तेही बघावं. उमेदवार आधी लढलेला असेल, तर मागच्या निवडणुकीचं शपथपत्र मिळवून नव्याशेजारी ठेवावं. मधल्या काळात मालमत्ता कशी वाढली आणि त्याला उत्पन्नाचा आधार दिसतो का, हे विचारपुशीत सहसा कोणी सांगत नाही.

तुमच्या प्रभागात सगळे जुनेच चेहरे असतील, तर कदाचित विचारपूस जास्त उपयोगी पडेल. नवे चेहरे असतील, आणि विशेषतः महिलांच्या जागांसाठी, मी तरी आधी शपथपत्र उघडेन. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की अंतिम यादी हाती घ्यावी आणि अ जागेपासून सुरुवात करावी.